माझी चार क्रेडिट्स कुठे अडकली?

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
विद्यापरिषद.

(विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. ज्यांचं त्यांना कळेल.)

विषय : मुख्य विषयाशी निगडित नोकरी 'ऑन जॉब ट्रेनिंग' (ओजेटी) म्हणून न धरण्याबाबत.

महोदय, महोदया,

यंदा आमच्या ऑफिसात ओजेटीला तीन विद्यार्थी होते. कर सल्लागाराचं ऑफिस, सात माणसं. "यांना तू बघ," असं सर म्हणाले आणि तिघांच्या खुर्च्या माझ्या टेबलाशेजारी येऊन लागल्या. सुरुवात कुठून करायची आणि कुणाला कुठली फाइल झेपेल, हे मी ठरवलं. रोजचे तास मी लिहून घेतले, अहवालांचे कच्चे मसुदे तपासले, मूल्यमापनाच्या फॉर्मवर शेरे लिहिले. सरांनी खाली सही करून शिक्का मारला. तिघांनाही ओजेटीची चार-चार क्रेडिट्स मिळाली.

त्यातली दोघं माझ्याच वर्गातली. एम.कॉम., पहिलं वर्ष, दुसरं सत्र. निकाल लागला तेव्हा ओजेटीच्या रकान्यात ती दोघं उत्तीर्ण होती, आणि मी 'गैरहजर'.

ज्या टेबलाशी बसून त्यांची ओजेटी झाली, त्याच टेबलावर माझं हे सातवं वर्ष चालू आहे.

कॉलेजला दोन अर्ज दिले. विद्यापीठात एकदा अर्धी रजा टाकून जाऊन आले. दोन्हीकडे उत्तर मिळालं ते तोंडी, "तशी तरतूद नाही." तोंडी उत्तराविरुद्ध दाद कुठे मागायची ते मला कळलं नाही, म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे.

थोडं माझ्याबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना मी या ऑफिसात लागले. पहिले चार महिने बिलं तारखेप्रमाणे लावायची आणि पंचिंग करायचं, बस. मग हळूहळू जीएसटीची विवरणपत्रं, टीडीएस, बँक जुळवणी, ऑडिटच्या आधीची तयारी. घरच्या कारणांनी मध्ये शिक्षण सुटलं होतं. एम.कॉम.ला प्रवेश घेतला तो आमच्या कॉलेजात तासिका सकाळी असतात म्हणून. साडेदहाला शेवटचा तास संपतो, अकराला मी ऑफिसात असते. पहिल्या सत्रात माझी हजेरी पूर्ण होती, आणि अप्रत्यक्ष करांच्या तासाला प्राध्यापिका बाई दोनदा तरी मला उभं करून म्हणाल्या, "प्रत्यक्षात हे कसं करता ते सांग गं सगळ्यांना." तेव्हा मी नोकरी करते हे कुणाला खटकलं नव्हतं.

आता नियमाचं. २० एप्रिल २०२३च्या शासन निर्णयाने राज्यात नव्या शैक्षणिक धोरणाचा श्रेयांक आराखडा आला. पदव्युत्तर पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात ओजेटी किंवा फील्ड प्रोजेक्ट, चार क्रेडिट. तीन वर्षांच्या पदवीला सहाव्या सत्रात ओजेटी, तीही चार क्रेडिट. एका क्रेडिटला ३० तास, म्हणून चार क्रेडिटला १२०. दिवसाचे आठ धरले तर पंधरा दिवस. (फील्ड प्रोजेक्टचा पर्याय कागदावर आहे. आमच्या कॉलेजात तो दिलाच जात नाही. मार्गदर्शक कोण होणार, हा प्रश्न असतो म्हणे.)

या योजनेला माझा विरोध नाही, उलट ही व्हायलाच हवी होती. बी.कॉम. होऊन आलेली मुलं ताळेबंदाची गणितं फटाफट सोडवतात आणि खरं बिल हातात दिलं की त्यावरचा कर केंद्राचा किती, राज्याचा किती, हे शोधत बसतात. मीही तशीच आले होते. पंधरा दिवसांत काय होणार, असं काही जण म्हणतात. होतं. त्यातला एक दिवस सांगते.

मे महिन्याची १४ तारीख होती. जीएसटीच्या पोर्टलवर २बी नावाचं विवरण दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं. आपल्या व्यापाऱ्याने ज्यांच्याकडून माल घेतला, त्या पुरवठादारांनी आपापल्या विवरणपत्रात काय दाखवलं, हे त्यात येतं. तिघांपैकी एका मुलीला मी एका व्यापाऱ्याचं खरेदीचं रजिस्टर आणि त्याची २बी दिली आणि म्हटलं, जुळव. तासाभराने ती आली. "ताई, एक बिल यात नाहीच आहे. खोटं असेल का?" मी म्हटलं, माल आलाय का बघ. आवक नोंदीत होता. पैसे गेलेत का बघ. बँकेच्या उताऱ्यात गेलेले दिसत होते. मग बिल खोटं कसं? ती गप्प. मग तिलाच पुरवठादाराला फोन लावायला सांगितला. त्यांच्या मुलाने ते बिल चुकून बीटूसीत टाकलं होतं, म्हणजे जणू काही नोंदणी नसलेल्या साध्या गिऱ्हाइकाला विकलंय. खरेदी खरी, बिल खरं, कर भरलेला. पण समोरच्याने चुकीच्या रकान्यात टाकलं, म्हणून आपल्या माणसाचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची त्याला मिळणारी वजावट, अडकलं. १ जानेवारी २०२२पासून कायदाच असा आहे की २बीत दिसल्याशिवाय ते क्रेडिट घेता येत नाही. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडून दुरुस्ती करून घ्यायची, असं तिने स्वतःच वहीत लिहून ठेवलं.

तिच्या अहवालातली त्यावरची दोन पानं फार चांगली उतरली. कलम पाठ करून असं लिहिता येत नाही. तिची क्रेडिट्स खरी आहेत, हे मी कुठेही येऊन सांगेन.

आणि हो, माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले, पण माझंही नेमकं तेच झालंय. काम खरं, तास खरे, फी भरलेली. नोंद मात्र समोरच्याने भलत्याच रकान्यात केली. लोकांची अडकलेली क्रेडिट्स सोडवणं हाच माझा रोजचा धंदा, आणि माझी चार तेवढी सुटत नाहीत.

तर माझ्या तक्रारी.

पहिली त्या सूचनेबद्दल. फलकावर लावलेल्या कागदात एक ओळ होती : विद्यार्थी सध्या करत असलेली नियमित नोकरी ओजेटी म्हणून ग्राह्य धरली जाणार नाही. कारण दिलेलं नाही. विचारलं तेव्हा समन्वयक सर म्हणाले, "अगं, तुला पगार मिळतो ना. मग ते ट्रेनिंग कसं?" हा तर्क मला आजवर पटलेला नाही. सीए होणारी मुलं आर्टिकलशिप करतात, २०२३पासून ती दोन वर्षांची आहे, त्यांना विद्यावेतन मिळतं. एमबीबीएसच्या इंटर्नला वर्षभर विद्यावेतन मिळतं. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात तर शिकाऊ माणसाला विद्यावेतन देणं मालकावर बंधनकारक आहे. पैसे घेतले म्हणून यांच्यापैकी कुणाचं शिकणं बाद झालेलं नाही. आमच्या ऑफिसातल्या त्या तिघांनाही सरांनी शेवटच्या दिवशी पाकीट दिलं. त्यांची ओजेटी त्याने बाटली का?

शिवाय हे धोरणाच्याच उलट आहे. २०२३च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाला शिकण्याचे १,२०० तास आणि त्यांची ४० क्रेडिट्स असा हिशेब मांडलाय, आणि वर्गातलं शिक्षण, कौशल्य शिक्षण, अनुभवातून आलेलं शिक्षण या सगळ्यांना क्रेडिटच्या एकाच मापाने मोजायचं असं म्हटलंय. अट एकच, मूल्यमापन झाल्याशिवाय क्रेडिट नाही. ती अट मला मान्य आहे. माझं मूल्यमापन करायलाच कुणी तयार नाही, हे माझं रडगाणं आहे.

दुसरी तक्रार मला मिळालेल्या सल्ल्यांची. पहिला सल्ला : रजा काढ आणि दुसऱ्या ऑफिसात पंधरा दिवस जा. हा सल्ला देणाऱ्याने नोकरी करून शिक्षण घेतलेलं नसावं. पंधरा दिवसांची रजा म्हणजे बिनपगारी रजा. त्यात मे महिना, मार्चअखेरच्या तिमाहीची टीडीएस विवरणपत्रं ३१ मेपर्यंत जायची असतात. त्या दिवसांत आमच्याकडे लग्नालासुद्धा अर्धीच रजा मिळते. आणि दुसरं ऑफिस म्हणजे कुणाचं? दुसऱ्या कर सल्लागाराचं. आमच्या सगळ्या अशिलांची कागदपत्रं माझ्या हाताखालून जातात. मी पंधरा दिवस त्यांच्याकडे जाऊन बसणं ना आमच्या सरांना चालेल, ना त्यांना. समजा दोघांनी मन मोठं केलं, तर तिथे मी काय करणार? जे इथे करते तेच. म्हणजे जे काम सात वर्षं केलं तेव्हा शिक्षण नव्हतं, ते दोन गल्ल्या ओलांडून पंधरा दिवस केलं की शिक्षण होईल.

दुसरा सल्ला त्याहून जड गेला. समन्वयक सर माणूस म्हणून भले आहेत. माझ्या पहिल्या सत्राच्या फॉर्मची चूक त्यांनी स्वतः तीन खिडक्या फिरून दुरुस्त करून दिली होती. तेच कपाटाला कुलूप लावता लावता हळूच म्हणाले, "कुणाकडून तरी एक सर्टिफिकेट आण ना. संपवून टाक विषय." वाईट हेतूने बोलले नाहीत ते. त्यांच्या दृष्टीने ती मदतच होती. पण मी जिन्यात येऊन थांबले, पाय पुढे पडेना. मी खरं लिहिलं तर गैरहजर, खोटं लिहिलं तर उत्तीर्ण. रोज दुसऱ्यांच्या हिशेबातली खोटी बिलं हुडकून काढणाऱ्या बाईला, तू एक खोटं बिल लाव, असं शिक्षणसंस्थेच्या दारात सांगितलं गेलं.

यावरून तिसरी. खोट्या सर्टिफिकेटांचं काय चाललंय ते आपल्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. ओळखीच्या काकांचं लेटरहेड, मित्राच्या भावाचा शिक्का. आमच्याकडे आधीच्या वर्षी एक मुलगा आला होता, पहिल्याच दिवशी सगळ्या तारखा भरलेला तासांचा तक्ता घेऊन. "ताई, फक्त सह्या करा ना, मी त्रास देणार नाही." एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेले पंधरा दिवस, रोज दहा ते सहा, मधले रविवारसुद्धा भरलेले. त्याला परत पाठवला. पुढे कळलं, त्याचं काम दुसरीकडून झालं. रविवार कुणाच्या डोळ्यांत आले नाहीत. वर्गाच्या ग्रुपवर आधीच्या बॅचचे अहवाल फिरतात, फक्त कंपनीचं नाव बदलायचं. एका अहवालात प्रस्तावनेत एका कंपनीचं नाव आणि निष्कर्षात दुसरीचं, असं मी स्वतः पाहिलंय. तरी त्याला चांगली श्रेणी होती.

त्या मुलांवर मी फार रागावू शकत नाही. एका वर्गातल्या साठ जणांना एकाच महिन्यात, आसपासच्या कुठल्या ऑफिसात पंधरा-पंधरा दिवस बसवणार? तेवढ्या खुर्च्या तरी आहेत का? कॉलेजने कुठल्याही ऑफिसशी आधी बोलून ठेवलेलं नसतं. "तुमचं तुम्ही शोधा" म्हटल्यावर ज्याचे काका आहेत त्याला काका आठवतात. पण मग नियम नेमका कुणाला अडवतो ते बघा. खोटा तक्ता आणणाऱ्याला अडवत नाही, कारण त्याचा कागद नमुन्याप्रमाणे असतो. पगारपत्रक, नियुक्तिपत्र, भविष्यनिर्वाह निधीची नोंद असं सगळं पडताळता येण्यासारखं घेऊन जो येतो, तो मात्र बाहेर.

चौथी लहान आहे, पण लिहिते. ही एकट्या माझी गोष्ट नाही. माझ्या ओळखीत एक जण छापखान्यात मुद्रितशोधक आहे आणि एम.ए. मराठी करतोय. ऱ्हस्व-दीर्घ बघता बघता त्याला वाक्यरचना, परिभाषा, लेखकाची शैली यांचं जे भान आलंय, ते भाषेच्या वर्गात बसून किती जणांना येतं कोण जाणे. त्यालाही सांगितलं गेलं की ओजेटीसाठी एखाद्या छापखान्यात जा. एक मुलगी रात्रपाळीला पॅथॉलॉजी लॅबमध्ये नमुने लावते आणि सकाळी सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.ला येते. तिने वाद घातला नाही. ती रजेवर गेली आणि ओजेटी करून आली, दुसऱ्या लॅबमध्ये. त्या महिन्याचा तिचा पगार निम्मा झाला.

आता तुमच्या बाजूने विचार करते. मी विद्यापरिषदेत बसले असते तर मलाही धास्ती वाटली असती. उद्या जो तो पगारपत्रक घेऊन येईल आणि म्हणेल, द्या चार क्रेडिट. ही भीती खोटी नाही. नोकरी केली म्हणजे शिकलोच असं होत नाही, हे आमच्याच ऑफिसात मी पाहिलंय. वर्षानुवर्षं एकच एक्सेल शीट पुढे सरकवणारी माणसं असतात. रकाना का आहे विचारलं तर "आधीपासून आहे" म्हणतात. माझीसुद्धा सुरुवातीची दोन वर्षं बरीचशी तशीच गेली. म्हणून वर्षं मोजून क्रेडिट द्या, असं मी मागत नाहीये. वर्षं बाजूला ठेवा. मला काय येतं ते तपासा.

दुसरी शंका अशी की मालकच आपल्या नोकराला चांगला शेरा देणार. देईल की! मग त्याच्या शेऱ्याला थोडेच गुण ठेवा आणि बाकीचे बाहेरच्या परीक्षकाकडे द्या. तोंडी परीक्षेत दहा मिनिटांत कळतं. मला विचारा, एखाद्या पुरवठादाराने विवरणपत्र उशिरा भरलं तर आमच्या व्यापाऱ्याच्या त्या महिन्याच्या कराचं काय होतं. ज्याने हे काम केलंय तो आधी उलट विचारेल, "किती उशिरा? ११ तारखेनंतर का?" (११ ही ते भरायची शेवटची तारीख.) ज्याने सर्टिफिकेट आणलंय तो कलम सांगायला लागेल.

तिसरी अडचण खरी आहे आणि ती कुणी बोलत नाही. आमच्यासारख्यांच्या कामाचा पुरावा म्हणजे दुसऱ्यांची खाजगी कागदपत्रं. मी अशिलाचं विवरणपत्र अहवालाला जोडू शकत नाही; लॅबमधली मुलगी रुग्णाचा अहवाल दाखवू शकत नाही. यावर नावं-नंबर झाकून नमुने दाखवायची मुभा आणि परीक्षकाने ते तिथेच बघून परत द्यायचे, असा साधा नियम करता येईल. त्यासाठी आधी कुणीतरी बसून विचार करायला हवा, आणि 'ग्राह्य धरली जाणार नाही' एवढ्या शब्दांत तो विचार टळतो.

हे काही मी नवीन काढलेलं नाही. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाच्या प्राध्यापकाने १९०६ साली अभियांत्रिकीच्या २७ विद्यार्थ्यांना घेऊन वर्ग आणि कारखाना आलटून पालटून सुरू केलं. कारखान्यातलं काम हा तिथे शिक्षणाचाच भाग होता. फ्रान्सने तर जानेवारी २००२मध्ये कायदाच केला की कामाच्या अनुभवाच्या जोरावर माणूस पदवीसाठी अर्ज करू शकतो. तो आपल्या कामाचं सविस्तर टिपण देतो, परीक्षकांचं मंडळ त्याच्याशी बोलतं आणि पूर्ण पदवी, तिचा काही भाग किंवा काहीच नाही, असा निर्णय देतं. 'काहीच नाही' हा पर्याय तिथे उघडपणे ठेवलेला आहे. मला तो आवडतो. पूर्ण पदवी फार लांबची गोष्ट. मी ८८ क्रेडिटच्या एम.कॉम.मधल्या चारांबद्दल बोलते आहे. उरलेली चौऱ्याऐंशी वर्गात बसून, परीक्षा देऊन, प्रबंध लिहूनच मिळवणार आहे.

आपल्याकडेही कौशल्य विकास योजनेत आधीच्या अनुभवाला तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय काही वर्षं आहे. गवंडी, सुतार, शिवणकाम करणाऱ्या माणसाला शासन म्हणू शकतं की तुला काय येतं ते दाखव. मग विद्यापीठालाच आपल्या विद्यार्थिनीला हे विचारायला जड का जावं?

माझ्या मागण्या लिहिते. फार नाहीत.

१. नोकरी विद्यार्थ्याच्या मुख्य विषयाशी निगडित असेल तर ती ओजेटी म्हणून मूल्यमापनाला घ्यावी. निगडित आहे की नाही हे त्या विषयाच्या अभ्यास मंडळाने कामाचं स्वरूप पाहून ठरवावं. ऑफिसच्या पाटीवरून किंवा पदाच्या नावावरून ठरवू नये. सुतारकाम करणाऱ्याने वाणिज्यची क्रेडिट्स मागावीत असं कुणीच म्हणत नाही.

२. मूल्यमापन इतरांपेक्षा सोपं नसावं. कामाचं टिपण, झाकलेले नमुने आणि बाहेरच्या परीक्षकासमोर तोंडी. नापास झाले तर नापास, पण 'गैरहजर' नको.

३. अर्ज सत्र सुरू होताना घ्यावेत आणि ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावं. नाकारलं तर कारणासकट. तोंडी "तरतूद नाही" यापुढे चालू नये.

४. जी सर्टिफिकेटं येतात त्यांची खरीखुरी पडताळणी व्हावी. सगळ्यांची शक्य नाही हे मला समजतं. प्रत्येक कॉलेजातली पाच चिठ्ठ्या टाकून काढा आणि त्या ऑफिसांना फोन करा. एवढं जरी जाहीर केलं तरी निम्मी लेटरहेडं कपाटात परत जातील.

५. या सत्रात माझ्यासारखे जे अडकलेत त्यांना एक संधी द्यावी. पुढच्या वर्षी याच विषयाचा बॅकलॉग फॉर्म भरून, फी भरून, पुन्हा त्याच ओळीपाशी येऊन थांबण्यात कुणाचाच फायदा नाही.

आणखी एक, मागणी नव्हे, विनंती समजा. हे ठरवायला जी समिती नेमाल तिच्यात शिकता शिकता नोकरी केलेलं एक माणूस असू द्या. विद्यापीठात अशी माणसं पुष्कळ आहेत. माझ्या अर्जावर आवक-जावकचा शिक्का मारणारे लिपिक काकाच मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतायत. अर्ज वाचून ते म्हणाले, "बाई, खरं आहे तुमचं, पण माझ्याकडे फक्त शिक्का आहे."

अर्जाची पोच त्यांनी दिली. तारीख, क्रमांक सगळं व्यवस्थित आहे. माझ्याकडे जपून ठेवली आहे.

आपली विश्वासू,
एम.कॉम. भाग १ची विद्यार्थिनी
(निकालपत्रात गैरहजर)

ता.क. : तोंडी परीक्षेला कधीही बोलवा, अर्ध्या दिवसाची सूचनाही पुरेल. फक्त महिन्याची १८ ते २० तारीख टाळावी. २०ला ३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र, भरायची शेवटची तारीख असते, आणि पुढच्या आठवड्यात ओजेटीची नवी दोन मुलं यायची आहेत, त्यांनाही तेव्हा सांभाळावं लागेल.